काकूंनी अर्धीच दृष्ट काढली

पुष्पाकाकूंनी माझी दृष्ट काढली, म्हणून मी आज जिवंत आहे.

काकू आज सकाळी गेल्या.

दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा मेट्रो नव्हती. अर्ध्या सोसायट्या रिकाम्या, नवरा दिवसभर नोएडाला. लेक सव्वा महिन्याची होती आणि मी तिला हातात घेत नव्हते. घेतलं तर माझ्याकडून तिचं काहीतरी बरंवाईट होईल, अशी भीती.

सासूबाई म्हणायच्या, "दृष्ट लागलीय. डॉक्टर-बिक्टर काही नको, लोक वेडी म्हणतील."

एका दुपारी समोरच्या फ्लॅटमधल्या काकू मीठ-मोहरी-मिरच्या घेऊन हजर. सुभेदारांची बायको, आवाज परेड ग्राउंडवरचा.

मी इंजिनियर. असला राग आला!

काकूंनी ओवाळलं, मिरच्या तव्यावर टाकल्या. दृष्ट लागलेली असेल तर ठसका लागत नाही म्हणतात. इथे आम्ही तिघी खोकून खोकून बेजार.

काकू अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "अर्धीच उतरली, वहिनी. उरलेली डॉक्टर काढतील. उद्या मी नेते हिला."

सासूबाई चक्क हो म्हणाल्या.

ऑटोत मी चिडून विचारलं, "काकू, तुमचा विश्वास आहे यावर?"

"तुझ्या सासूचा आहे ना? बास."

मग बाहेर बघत म्हणाल्या,

"कॅन्टोन्मेंटमध्ये शेजारी एक पोर होती. अशीच बाळंतीण. आम्ही सगळ्या नुसती दृष्ट काढत बसलो गं. गेली ती."

डॉक्टरांनी हिंदीत विचारलं. मी म्हणाले, "सब ठीक है."

काकूंनी माझा हात धरला. "मराठीत बोल पोरी. त्यांना मी सांगते."

बाळंतपणानंतर पहिल्यांदा रडले मी.

औषधं सुरू झाली. काकूंनी भजनी मंडळाच्या बायकांच्या पाळ्याच लावल्या. रोज दुपारी कुणीतरी यायचं, भाजी निवडायचं, लेकीला न्हाऊ घालायचं. उपदेश कुणीच केला नाही, तशी काकूंची ऑर्डर होती.

एक दिवस त्यांनी लेकीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेल्या. त्या चहाला चांगला अर्धा तास लागला!

काकू, आज तीच लेक तुमच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती.

मी तिला जवळ घेतलं.

भीती नाही वाटली, काकू.

निवांत जा आता.