न पडणारे अडथळे

तिला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते वर्गाच्या दारात. झाडलोटीसाठी बाकं व्हरांड्यात काढली होती. बाकीच्या मुली वळसा घालून आल्या. ही दप्तरासकट बाकावरून उडी मारून थेट माझ्यापुढे. "उशीर होत होता ना, बाई!"

वडील सुतार. उंच लेकीला ते लाडानं 'शिडी' म्हणत. अडथळ्यांच्या शर्यतीत ती शाळेत पहिली यायची. पण शहराच्या संघात जायचं तर वेग वाढायला हवा होता आणि निवड तोंडावर आली होती.

"तू अडथळ्यावरून सहलीला जातेस," खेळाचे सर वैतागायचे. "हवेत कोणी धावतं का? उडी खाली ठेव, पाय लवकर जमिनीवर आण!"

शाळेचे अडथळे मोडके, म्हणून वडिलांनी नवे करून दिले होते. रोज सराव करूनही तिची उडी खाली येईना. एकदा तिचे काळेनिळे गुडघे पाहून मी विचारलं.

"गुडघे आपटले तरी अडथळे पडत नाहीत, बाई. बाबांचं काम आहे. भिंत हलेल, ते हलायचे नाहीत."

मी हे सांगताच सरांनी कपाळावर हात मारला. अडथळा धक्क्यानं पडायलाच हवा. पोर भीतीनं उंच उडत होती. पण वडिलांना सांगणार कोण? बिचारीनं आठवडाभर टाळलं. शेवटी मला सोबत घेऊन ती दुकानात गेली.

वडिलांनी रंधा थांबवला. "पडेल असं बनवू? माझी आजवरची अब्रू?"

"ते पडले नाहीत तर मी पडते, बाबा."

त्यांनी वाकून तिचे गुडघे पाहिले. "आधी सांगायला काय झालं होतं गं?" म्हणाले, आणि करवत उचलली. अडथळ्यांचे पुढचे, म्हणजे ती उतरते त्या बाजूचे पाय त्यांनी कापून टाकले. आता धक्का लागला की ते पुढे आडवे होणार होते.

दुसऱ्या दिवशी शिडीनं मैदानावर सगळे आडवे केले. भीती गेली तशी ती पुढे झुकायला लागली. पाय भराभर जमिनीला लागू लागले, आणि पाहता पाहता उडी मारणारी मुलगी धावायला लागली.

निवडीच्या शर्यतीत तिनं शेवटचा अडथळा पाडला, तरी दुसरी आली. दोघींनाच घेणार होते. कुंपणाशी वडील शेजारच्या माणसाला हलवून सांगत होते, "पाहिलंत? काय सुरेख पडला!"

आता ते दुकान तीच चालवते. सकाळी नऊपर्यंत मात्र ते बंद असतं. तेव्हा ती मैदानावर मुलींना शिकवत असते.