हलकं काम

आमचे हे लाईनमन. बेंबळीकडच्या चार गावांचे खांब, तारा आणि ट्रान्सफॉर्मरच्या डीपी त्यांच्याकडं. मी अंगणवाडीत. लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली अठरा वर्षं मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नाही. वाऱ्यात हलणाऱ्या खांबावर चढूनसुद्धा खालच्या माणसांशी पिकापाण्याच्या गप्पा मारायचे. घरी जेवले की भिंतीला टेकून पाच मिनिटांत घोरायला लागायचे.

त्यांच्या जोडीला सहा वर्षांनी लहान असा एक लाईनमन होता. मला वहिनी म्हणायचा. आठवड्यातून एकदा तरी दारातूनच ओरडायचा, "वहिनी, हुलग्याचं माडगं करा की आज!" आणि दोन वाट्या पिऊनच उठायचा.

चार वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, सकाळी अकराच्या सुमाराला एका वस्तीवर तार तुटली. ह्यांनी सबस्टेशनला फोन करून परमिट घेतलं. परमिट घेतलं म्हणजे तिथला ऑपरेटर लाईन बंद करतो आणि काम सुरू करा म्हणून सांगतो. ह्यांनी जोडीदाराला सांगितलं, "चढ, बंद हाय लाईन." लाईन बंदच होती. पण जवळच्या मंगल कार्यालयात लग्न होतं आणि तिथं कुणीतरी जनरेटर चुकीचा जोडला होता. तो करंट उलटा तारेत आला. जोडीदार खाली पडलाही नाही, कमरेच्या पट्ट्याला अडकून वरच राहिला. त्याला खाली घ्यायला हेच चढले.

चौकशी झाली. अपघात, असं लिहून आलं. ह्यांच्यावर ठपका आला नाही.

त्यानंतर फोन वाजला की हे आधी उभे राहायचे, मग फोन उचलायचे. मी रिंगटोन तीनदा बदलली. नवी लावली की दोन दिवस बरं जायचं, मग तीही त्यांच्या अंगाला कळायची. मानेवर घाम यायचा, ताटातला हात थांबायचा. पोटात आग पडते म्हणून सोडा प्यायचे. मी म्हणायची, "दवाखान्यात दाखवा की एकदा." ते म्हणायचे, "पित्त हाय गं. काय न्हाय."

पित्त नव्हतं. गेल्या वर्षी श्रावणात, भर दुपारी, जेवता जेवता फोन वाजला. हे उठले आणि परत बसले. ओठ पांढरे पडले होते. "छातीवर कुणीतरी बसलंय," एवढंच म्हणाले. शेजाऱ्याच्या गाडीनं आधी धाराशिवला नेलं, तिथून सोलापूरला. एक नळी बंद झाली होती, तिच्यात स्टेंट टाकली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. तंबाखू, बिडी, दारू, शुगर, घराण्यात कुणाला हृदयाचा आजार, सगळं विचारून झालं. प्रत्येकाला आमचं उत्तर नाहीच. मग त्यांनी मला बाजूला बसवून समजावलं.

"अंगावर बैल धावून आला तर छाती कशी धडधडते? तेव्हा शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, मागोमाग कॉर्टिसॉल. रक्तदाब वाढतो, साखर वाढते. पळायला ताकद येते. बैल निघून गेला की ते सगळं खाली उतरायला पाहिजे. रोजच चढत राहिलं तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, तिथं चरबी साठते. फक्त ताणामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. पण यांच्या बाबतीत त्याचा वाटा मोठा दिसतोय. यांना कसली धास्ती आहे का?"

मी अपघाताचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग खांबावरचं काम बंद. हलकं काम मागून घ्या."

त्या संध्याकाळी मी हे ह्यांना सांगितलं. वरच्या पंख्याकडं बघतच ते म्हणाले, "परमिट घेतलं तरी तारेवर साखळी टाकून ती जमिनीला जोडायची असती. उलटा करंट आला तर साखळीतनं जमिनीत जातो. साखळी माझ्या मोटारसायकलच्या डिकीत हुती. दोन मिनटाचं काम हाय म्हणून म्याच म्हणलं, राहू दे."

तीन वर्षं त्यांनी हे एकट्यानं छातीत ठेवलं होतं. मी त्यांचा हात धरला.

अर्ज केला, साहेबांनी लगेच हलकं काम दिलं. खुर्चीवरचं. सबस्टेशनचा ऑपरेटर. आम्ही पेढे घेऊन गेलो होतो. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. आता एक जोडीदार नाही, सगळ्या गावांचे लाईनमन त्यांच्या शब्दावर खांबावर चढत होते. प्रत्येकाला दोन-दोनदा फोन करून विचारायचे, "साखळी टाकली का? फोटू पाठव." पोरं वैतागायची. "टाकली की हो दादा, किती बार विचारता!"

आणि त्याच आवारातल्या ऑफिसात जोडीदाराची बायको होती. नवऱ्याच्या जागी तिला शिपायाचं काम मिळालं होतं. रोज अकराला ती ह्यांच्या टेबलावर चहा ठेवायची आणि विचारायची, "भावजी, गोळी घेतली का?"

एकदा मी म्हणाले, "तिला सांगून टाका. मन तरी हलकं होईल."

"माझं व्हईल," ते म्हणाले. "तिचं काय? आज अपघात झाला म्हणून ती जगती. उद्या मी मारला म्हणून जगंल?"

"मग नोकरी सोडा."

"घरी बसून बी त्योच दिसणार हाय."

मग मी मीठ कमी केलं, सकाळी चालायला नेलं, श्वासाचे व्यायाम शिकून आले. ह्यांनी सगळं मुकाट्यानं केलं. रक्तदाब मात्र खाली येत नव्हता.

गेल्या महिन्यात पुन्हा सोलापूरला गेलो. बाईंनी सोनोग्राफीसारखी तपासणी केली. हृदयाची ताकद कमी झाली होती आणि दुसरी एक नळी अरुंद होत चालली होती. गोळ्या वाढवल्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "हलकं काम मिळालं ना? आता कसला ताण नाही ना?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "आता बरं आहे सगळं."

बाईंनी तसंच कागदावर लिहून घेतलं.