टिपणीसबाईंचं कॅलेंडर

रोह्याच्या शाळेत अनसूया टिपणीस यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही, आणि त्याचं रडगाणंही कधी गायलं नाही. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली समई देवघरात गेली, शाल कपाटात गेली आणि बाई मुंबईला जाऊन स्वतःसाठी एक कॅमेरा घेऊन आल्या.

कॅमेरा दिसायला लहानसा, पर्समध्ये मावेल एवढा. पण त्यात सगळं हाताने लावता यायचं. तोंडाशी एक कडं होतं. ते काढलं की तिथे नळी बसायची आणि त्या नळीवर जादाची भिंगं फिरवून लावता यायची. एक लांबचं जवळ आणणारं, एक समोरचं सगळं पोटात घेणारं आणि एक मुंगीच्या मिशा दाखवणारं. दुकानदार म्हणाला होता, "एवढं झेंगट करण्यापेक्षा मोठाच कॅमेरा घ्या की."

"मोठा गळ्यात अडकवला की माणसं पोटं आत घेऊन उभी राहतात," बाई म्हणाल्या. "मला ती तशी नकोत."

रोह्याजवळच्या वरशातल्या त्यांच्या ब्लॉकपासून कुंडलिका नदीच्या काठापर्यंत बाई रोज सकाळी जात. नळी लावली की वरची बघायची खिडकी अर्धी झाकली जायची, म्हणून मागच्या पडद्यावर बघावं लागे. उन्हात तिथे काहीच दिसत नसे. मग बाई पदर डोक्यावरून कॅमेऱ्यावर ओढून घेत आणि रस्त्यात तशाच उभ्या राहत. लांबचं भिंग लावून झूम पुरता बाहेर काढला नाही तर चित्राचे चारही कोपरे काळे येतात, हे त्या स्वतःच ठेचा खाऊन शिकल्या. पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. लोक म्हणायचे, "बाई, अजून ते जुनंच डबडं?" बाई हसायच्या आणि गवताच्या फुलापुढे मांडी घालून बसायच्या.

त्यांच्याबरोबर त्या काळात सावलीसारखा हिंडला तो त्यांच्या भावाचा मुलगा, विराज. भाऊ मोरोपंत पेणला, पण विराज कॉलेजसाठी रोह्यात आत्याकडे राहिला. भिंगांची पिशवी तो सांभाळायचा. एकदा बाईंनी त्याला रस्त्यावरचे विजेचे खांब दाखवले होते.

"ते दोन खांब बघ. चालत गेलास तर मध्ये घाम निघेल. आता यातून बघ."

विराजने पडद्यात पाहिलं. खांब एकमेकांना खेटून उभे होते.

"आयला! मधलं अंतर गेलं कुठं?"

"भिंगाने गिळलं," बाई म्हणाल्या. "म्हणून फोटो बघताना आधी विचारायचं, काढणारा कुठे उभा होता."

पोरगं हुशार होतं. ते शिकलं, मोठं झालं, पेणला परत गेलं, लग्न झालं, ईरा नावाची गोड मुलगी झाली. जागांच्या व्यवहारात विराजचा चांगला जम बसलाय, असं मोरोपंत सांगायचे. बाईंनी कधी खोलात विचारलं नाही.

एका दिवाळीत विराज फराळाचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, "आत्या, तुझ्या फोटोंचं कॅलेंडर काढायचं मनात आहे. आपल्या पेण-रोह्याकडच्या जागा. खाली तुझं नाव."

बाईंनी आयुष्यात हजारो फोटो काढले होते, पण ते कोणी मागितले नव्हते. नातेवाईक बघायचे, "छान" म्हणायचे आणि पुढचा विषय काढायचे. त्या दिवशी बाईंनी चहात साखर दोनदा घातली.

विराजने त्यांना गाडीत घालून हिंडवलं. नागोठण्याच्या पुलावर, अंबा नदीच्या काठी, गागोद्याच्या वाटेवर. त्या वाटेच्या आतल्या अंगाला एक उघडी टेकडी होती. तिथे तो जास्तच रेंगाळला.

"आत्या, लांब ते धरणाचं पाणी चमकतंय ना, ते टेकडीच्या लगेच मागे आलेलं दिसेल असं काढ. सुंदर दिसेल."

"त्यासाठी खूप मागे जावं लागेल."

"जाऊ की. गाडी आहे."

तो त्यांना समोरच्या डोंगराच्या खांद्यावर घेऊन गेला. बाईंनी लांबचं भिंग चढवलं, पदर ओढला, श्वास धरला. पडद्यात पाणी टेकडीच्या अंगणात येऊन बसलं. मग खाली येऊन सगळं पोटात घेणाऱ्या भिंगातून टेकडीवरची सपाटी घेतली. चार गुरं बसतील एवढी जागा, पण फोटोत मैदानासारखी पसरली. विराज शेजारून म्हणत होता, "वा आत्या! हात आहे का काय!"

कॅलेंडर आलं. जाड कागद, बारा फोटो, प्रत्येकाखाली 'छायाचित्र: अनसूया टिपणीस'. बाईंनी ते बाहेरच्या खोलीत लावलं. मैत्रिणींना द्यायला आणखी प्रती मागितल्या तर विराज म्हणाला, "संपल्या गं. छापखान्याने कमीच दिल्या." बाईंना त्याचंही कौतुक वाटलं. संपल्या म्हणजे लोकांना आवडल्या.

पुढे काही महिन्यांनी गोविंदा आला. बाईंचा जुना विद्यार्थी, गागोद्याकडच्या एका गावचा. नागोठण्याला कंपनीत शिफ्टमध्ये होता. दारातच वाकून पाया पडला.

"बाई, एक इचारू? तुमचा प्लाट कुठला? माझा वरच्या अंगाला हाय. शेजार मिळाला तं बरं."

"कसला प्लॉट रे?"

"असं काय करता? टेकडीवरचा. विराजशेठ बोलले, बाईंनी सोता घेतलाय, पयला."

गोविंदाची नजर भिंतीवर गेली. तो कॅलेंडरजवळ जाऊन वाकून बघू लागला. "ह्यावर खालचं कसं नाय?" म्हणत त्याने मोबाईलवर आपल्या घरच्या कॅलेंडरचा फोटो शोधून दाखवला. तीच टेकडी, तेच पाणी. पण खाली ठळक अक्षरांत 'पाण्याकाठचं तुमचं घर', विराजचा नंबर, आणि त्यावर 'टिपणीसबाईंच्या नजरेतून'.

बाईंनी मोबाईल हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. म्हणजे प्रती संपल्या नव्हत्या. भिंतीवरची ही एकच प्रत वेगळी होती. त्यांच्यासाठी, मुद्दाम, वेगळी छापून घेतलेली.

"गोविंदा, तू जागा बघितलीस?"

"रस्त्यावरून बघितली. तवा धुकं व्हतं. आन तुमचा फोटू व्हता ना, बाई. मग काय बघायचं?"

दुसऱ्या दिवशी दोघं टेकडीवर गेली. चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, खुंट्या ठोकलेल्या होत्या. गोविंदा आपल्या खुंट्यांत उभा राहून पाणी शोधू लागला. मध्ये एक खोल घळ होती, तिच्यापलीकडे आणखी एक टेकडी आणि तिच्याही मागे पाण्याची जेमतेम एक चकाकी. तो टाचा उंचावून बघत राहिला.

"बाई, फोटूत तं हितंच व्हतं."

बाईंना त्याच्याकडे बघवेना.

तिथून त्या तशाच पेणला गेल्या. मोरोपंत झोपाळ्यावर बसले होते, विराज जेवत होता.

"आत्या! अचानक?"

"माझी प्रत वेगळी का छापलीस?"

विराजचा घास थांबला. मग तो सावरला. "आत्या, फोटोत एक तरी गोष्ट खोटी आहे का? पाणी तिथेच आहे, टेकडी तिथेच आहे. मी कॉम्प्युटरवर एक रेघ बदललेली नाही. फोटो तर तूच काढलेस."

"कुठून काढलेत ते सांगितलंस का त्यांना?"

"कोणी विचारलं नाही."

"आणि मी प्लॉट घेतला म्हणून सांगितलंस, ते?"

"तुझ्या नावाने एक ठेवणारच होतो. सरप्राइज होतं."

"विराज, मी विचारलं, माझी प्रत वेगळी का?"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस."

मोरोपंत झोपाळ्यावरून उतरले. "अनू, घरातली गोष्ट घरात राहू दे. पोराचा धंदा आहे. सगळे असंच करतात."

बाईंना वाटलं होतं, दादा पोराला चार शब्द सुनावेल. दादाला सगळं आधीपासून ठाऊक होतं. त्याच्या मागच्या भिंतीवर खाली जाहिरात असलेलं कॅलेंडर टांगलेलं होतं.

चहा न घेता त्या उठल्या. येताना एस्टीत खिडकीशी बसून त्यांनी त्या दिवाळीनंतरचा प्रत्येक क्षण पुन्हा काढून पाहिला. गाडीचं दार उघडून धरणं, "हात आहे का काय" म्हणणं, मागे जाऊ की म्हणणं. प्रत्येक गोष्टीचा अर्थ बदलत गेला. आपल्या फोटोंवर कोणाचा तरी जीव जडला, हे म्हातारपणातलं एकुलतं सुख होतं. तेही पोराने गळाला आमिष म्हणून लावलं होतं.

आठवड्याने बाई पुन्हा टेकडीवर गेल्या. नळी नाही, भिंग नाही. प्रत्येक खुंटीपाशी उभं राहून, माणसाच्या डोळ्याला दिसतं तसं, त्यांनी काढलं. गोविंदाने ते फोटो जागा घेतलेल्यांच्या ग्रुपवर टाकले आणि खाली बाईंच्या सांगण्यावरून लिहिलं, की बाईंचा तिथे प्लॉट नाही आणि नव्हता.

मग लोक दारात आले. काही हात जोडून, काही चिडून. भूमिका नावाची त्यांची एक विद्यार्थिनी, आता पेणच्या दवाखान्यात नर्स, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाई, बाकी कोणाचं नाव असतं तर मी चार वेळा जाऊन बघितलं असतं. तुमचं होतं म्हणून एकदाही गेले नाही."

"मला माहीत नव्हतं गं."

"तुम्हाला माहीत नव्हतं यावर विश्वास ठेवायचा की नाही, तेच कळत नाही," ती म्हणाली आणि गेली.

हे बाईंना विराजच्या उत्तरापेक्षा जास्त लागलं. वर्गातल्या पोरांनी आयुष्यभर ठेवलेला विश्वास त्यांनी स्वतः खर्च केलाच नव्हता. तो दुसऱ्याने उचलून नेला होता, आणि हिशेब मात्र त्यांच्याकडे मागितला जात होता.

गोविंदा आणि आणखी काही जण पेणला वकिलाकडे गेले. बाईंनी तिथे जाऊन आपलं म्हणणं लिहून, सही करून दिलं. सही भावाच्या मुलाविरुद्ध होती, तरी केली. बोभाटा झाल्यावर विराजने काही लोकांचे पैसे रखडत का होईना परत केले. गोविंदाचं अजून लटकलंय. मोरोपंतांनी फोन करणं बंद केलं. गणपतीत पहिल्यांदाच पेणहून बोलावणं आलं नाही.

भिंतीवरचं कॅलेंडर बाईंनी फाडलं नाही, फेकलंही नाही. काढून कपाटावर ठेवलं. फोटो काढणं मात्र सुटलं नाही. सकाळी त्या निघतात, पण आता बहुतेक वेळा मुंगीच्या मिशांचंच भिंग लावतात आणि घरी येऊन कोणालाही काही दाखवत नाहीत.

मोरोपंतांच्या पंचाहत्तरीला मात्र वहिनींचा निरोप आला, "या हो, आमच्यासाठी." बाई गेल्या. हॉलमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या, जेवल्या, भावाला नमस्कार केला. दादाने "आलीस?" एवढंच म्हटलं. ईरा येऊन गळ्यात पडली, तेव्हा त्यांनी तिला घट्ट धरलं.

जेवणं झाल्यावर विराज समोर आला. पाया पडला. काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, "आत्या, सगळे जमलेत. तुझ्या हातचा एक फोटो होऊ दे. कॅमेरा आणलायस ना?"

आजूबाजूचे पाहुणे हसून त्यांच्याकडे बघू लागले.

"आणलाय," बाई म्हणाल्या. "पण तू मागशील तो फोटो मी काढणार नाही."

हसू जागच्या जागी थिजलं. कोणीतरी घाईने मोबाईल काढला. सगळे रांगेत उभे राहिले. वहिनींनी ओढून बाईंनाही कडेला उभं केलं, आणि त्या उभ्या राहिल्या. मग पर्स उचलून, ईराच्या डोक्यावरून हात फिरवून, रोह्याची गाडी पकडायला निघाल्या. दारापर्यंत पोचवायला कोणी आलं नाही.