प्रश्नाआधी डबा उघडायचा नाही

मी मुंबईला निघाले ती अण्णांच्या पासवर. अण्णा म्हणजे माझे वडील. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि कर्मचाऱ्याच्या घरच्यांना पास मिळतो, त्यामुळं माझ्या महत्त्वाकांक्षेचा पहिला प्रवास महामंडळानं फुकट घडवला. सकाळी सातला बसस्थानकावर त्यांनी आधी गाडीच्या टायरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आई डोळे पुसत होती. अण्णा खिडकीखाली येऊन म्हणाले, "जाशील तिथं प्रश्न विचार. नुस्त्या टाळ्या वाजवायला माणसं लई हायेत."

गाडीच्या पाटीवर तेव्हा औरंगाबाद लिहिलेलं होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. आमचं हर्सूलचं घर मात्र तिथंच आहे, तुरुंगाच्या भिंतीच्या अलीकडं. शहरात 'हर्सूलची' म्हटलं की हमखास विचारतात, "कधी सुटलीस?" मुंबईत हा विनोद कुणाला कळत नाही. पहिली काही वर्षं मला सगळ्यात जास्त आठवण ह्याच टोमण्याची आली.

प्रश्नांचं प्रकरण वस्तीतल्या बुद्धविहारातलं. रविवारी सकाळी अण्णा वस्तीतल्या पोरांचा वर्ग घेत. कुणीतरी पाहुणा बोलायचा: कधी नर्स, कधी वकील, एकदा तर तुरुंगातून निवृत्त झालेला शिपाई. बोलणं संपलं की खिचडीचं पातेलं यायचं आणि अण्णा झाकणावर हात ठेवून बसायचे. एका तरी पोरानं खरा प्रश्न विचारल्याशिवाय झाकण निघायचं नाही. 'तुमचं गाव कोणतं' हा प्रश्न धरत नसत. भुकेपोटी मी फार चांगले प्रश्न विचारायला शिकले.

आणि झाले सिनेमाची बातमीदार, जिथं प्रश्न आधीच छापून मिळतात. हे आमच्या धंद्यातलं गुपित नाही, शिरस्ता आहे. नटाचा प्रचार सांभाळणारी माणसं कागद वाटतात. त्यातला आपल्या वाट्याचा प्रश्न आत्ताच सुचल्यासारखा चेहरा करून विचारायचा. अकरा वर्षं मी तो चेहरा केला. नट कोणते बूट घालून विमानातून उतरला आणि नटीनं उपवासाला काय खाल्लं, हे मी महाराष्ट्राला वेळच्या वेळी कळवलं. नाक मुरडणारे आमचे नातेवाईक ते सगळं शेवटपर्यंत वाचायचे. अण्णा मोबाईलवर माझे व्हिडिओ पाहत आणि फोनवर एवढंच म्हणत, "चांगलं दिसतं. ह्याच्यात तू विचारती कधी?"

गेल्या हिवाळ्यात एक मोठा नट सिनेमाच्या प्रचारासाठी आमच्या शहरात आला. शूटिंग खुलताबादजवळ झालं होतं आणि त्यात तो आमच्यासारख्या वस्तीतला तरुण झाला होता. मुंबईहून आम्हा बातमीदारांना आणण्यात आलं. मी अण्णांसाठी पत्रकार परिषदेचा एक पास मागून घेतला. त्यांना माझं काम एकदा समोर बसून बघायचं होतं.

हॉटेलच्या हॉलमध्ये आधी धूर आला, मग ढोल, मग चार अंगरक्षक, शेवटी तो. उंचीनं बेताचाच निघाला. माझ्या वाट्याला चौथा प्रश्न होता: इथला नान खलिया खाऊन बघितला का, आवडला का? माइक हातात आला. कागदाबाहेरचं विचारलं की आमंत्रणांच्या यादीतून नाव जातं आणि यादीतून नाव गेलं की नोकरी फार दिवस राहत नाही, हे मला पाठ होतं. तेवढ्यात शेवटच्या रांगेतले अण्णा दिसले. सगळ्यांना नाश्त्याचे डबे वाटले होते, आजूबाजूची माणसं सामोसे खात होती. अण्णांचा डबा मांडीवर तसाच बंद होता. झाकणावर हात.

मी विचारलं, "आमच्यासारखं दिसायला तुमच्या तोंडाला रोज किती वेळ काळा रंग लावायचे?"

तो मोकळेपणानं हसला. "अडीच तास. फार त्रास व्हायचा." हॉलमध्ये दुसरं कुणीच हसत नाही, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं. प्रचारवाल्या बाईंनी माझ्या हातातला माइक काढून घेतला. मागं अण्णांनी डबा उघडला आणि सामोसा सावकाश खाल्ला.

आठवडाभरात माझं नाव सगळ्या याद्यांतून गेलं, महिन्याभरात नोकरी. सोयगावच्या मावशीनं लगेच तिथल्या एका शाळेत माझ्यासाठी जागा बघून ठेवली. झाली ना हौस, आता ये, असा तिचा निरोप होता. तर मावशी, आणि हळहळीचे फोन केलेले तुम्ही सगळे, मी राहायला येत नाहीये. मालाडची खोली मी सोडलेली नाही. सिनेमावर लिहायला आमंत्रण लागत नाही, तिकीट लागतं, आणि ते मला अजून देतात. मी रांगेत उभी राहते, सिनेमा बघते आणि जे विचारायचं ते लिहिते. वाचणारे आधीपेक्षा पुष्कळ कमी आहेत. तुमच्यातले जे माझ्यासारखेच बाहेर पडले, पुण्यात गेले, दुबईत गेले, त्यांच्याही हातात असा छापील कागद कुणीतरी ठेवला असेलच. त्याचं काय केलंत, ते कळवा.

गेल्या रविवारी विहारात मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. वर्ग आता माझी धाकटी बहीण घेते. झाकण मात्र अजून अण्णांच्या ताब्यात आहे. मी हॉलमधला प्रसंग चांगला रंगवून सांगितला. टाळ्या पडल्या. मला वाटलं, निभावलं. मग पुढच्या ओळीतली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी उठली.

"ताई, मग आधी अकरा वर्षं का नाय विचारलं?"

मुंबईत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तिथं सगळ्यांनी धाडसाचं कौतुक केलं होतं. माझं घर अजून हर्सूललाच का आहे, हे मला त्या मुलीकडं बघताना कळलं.

अण्णांनी झाकण काढलं. पोरांच्या ताटल्यांत खिचडी पडायला लागली. माझ्या हातात त्यांनी रिकामी ताटली दिली.

"पोरगी काय विचारती ते आधी सांग तिला."

मी खाली सतरंजीवर बसले आणि सांगायला लागले.