बोलावल्याशिवाय न येणारा जागीरदार

मैत्री बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा तिला एक रक्त पिणारा जागीरदार अभ्यासाला आला. पुस्तक इंग्रजी, शंभरेक वर्षांपूर्वीचं आणि चांगलं जाडजूड. त्यातला जागीरदार मेलेला असूनही हिंडतोफिरतो आणि लोकांच्या मानेला चावून जगतो. त्यावर निघालेला सिनेमाही पाहायचा होता, आणि दोन्ही मिळून काय वाटलं ते लिहून वर्गापुढे वाचायचं होतं. भाग्यलक्ष्मी मॅडमनी जोड्या लावून दिल्या. दोघींनी मिळून एकच लेख लिहायचा, खाली दोघींच्या सह्या. सही नसेल तर लेख घेणार नाही, हेही सांगितलं. भीमपूरकडून आदिलाबादला येणाऱ्या बसमध्ये मैत्री आणि पूनम रोज एका सीटवर बसत, म्हणून त्यांची जोडी झाली. मॅडम लांबच्या, मंचेरियलच्या, तेलुगू बोलणाऱ्या. बाकीचं त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

बाकीचं म्हणजे फार काही नाही. मैत्रीचं घर बौद्धांचं, पूनमचं कुणब्यांचं. मैत्रीचे आजोबा रामाजी यांनी उमेदीची वर्षं पूनमचे आजोबा यशवंतराव यांच्या वावरात काढली होती. पुढे मैत्रीचे वडील नागेश मराठी शाळेत मास्तर झाले, घरावर स्लॅब चढला. गावात आता भांडण नाही की विटाळ नाही. कोणी विचारलं तर दोन्हीकडचे हेच सांगत. मैत्री पहिलीपासून पूनमकडे जायची आणि ओसरीवर बसायची. पूनमची आजी जयवंताबाई तिला चहा द्यायची, पूनमला द्यायची तसल्याच स्टीलच्या गिलासात. आतल्या दारातून मात्र मैत्री कधी गेली नव्हती. येऊ नको असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. ये असंही कोणी म्हटलं नव्हतं.

मैत्रीची एक सवय होती. वाचलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय तिला ते नीट कळत नसे. म्हणून रोज संध्याकाळी ती रामाजींना पुस्तक सांगायची. जागीरदार लोकांचं रक्त पितो याचं रामाजींना नवल वाटलं नाही. त्याला जमीन किती, एवढंच त्यांनी विचारलं. पुस्तकात ते दिलेलं नव्हतं, तेव्हा लिहिणाऱ्याला शेतीतलं कळत नसावं असं त्यांचं मत पडलं. एका संध्याकाळी मात्र गोष्ट अशा जागी आली की ते तंबाखू मळता मळता थांबले. जागीरदाराला कोणाच्या घरात पहिल्यांदा शिरायचं असेल तर घरातल्या कोणी तरी त्याला ये म्हणावं लागतं. तोवर तो दाराबाहेर उभा राहतो.

"बोलावल्याबिगर येत नाई?"

"नाई, आबा."

"दार उघडं असलं तरी?"

"तरी नाई."

"मंग माणूस रीतीचा हाय," रामाजी म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकली.

मैत्रीने त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

सिनेमा मॅडमनी कॉलेजात भिंतीवर दाखवला. अर्ध्यात करंट गेला तो आलाच नाही. उरलेला घरी पाहून या, इंटरनेटवर आहे, असं मॅडम म्हणाल्या. मैत्रीच्या फोनची काच फुटलेली होती, त्यात जागीरदाराचे तीन तुकडे दिसत. पूनमकडे मोठा टीव्ही होता आणि नेटही होतं. परतीच्या बसमध्ये पूनम सहज बोलून गेली की रविवारी आमच्याकडं पाहू. टीव्ही आतल्या खोलीत होता.

रविवारी दुपारी मैत्री गेली तेव्हा टीव्ही ओसरीवर आलेला होता. पूनमच्या वडिलांनी, भारतने, सकाळीच तो भिंतीवरून स्क्रू काढून उतरवला होता. टेबलावर ठेवला, खिडकीतून वायर ओढली, तर पडद्यावर ऊन येऊ लागलं. मग कापूस झाकायची ताडपत्री आणून ओसरीच्या खांबांना बांधायला घेतली. यशवंतराव खुर्चीवरून जरा डावीकडे, जरा वर, असं सांगत होते. पूनम नेट लावत होती. एवढे लोक आपल्यासाठी खपताहेत हे पाहून मैत्रीला अवघडल्यासारखं झालं. तीही पुढे झाली आणि तिने ताडपत्रीचं एक टोक धरलं.

सिनेमातला जागीरदार तरुण होता, केस खांद्यापर्यंत. पूनमला तो आवडला. पुस्तकातल्यापेक्षा हा बरा, निदान तोंड धुतलेला दिसतो, असं ती म्हणाली. जयवंताबाई सुपात तूर निवडत अधूनमधून वर पाहत होत्या. जागीरदाराने एका बंगल्याजवळ येऊन धुराचं रूप घेतलं आणि तो खिडकीच्या फटीतून आत गेला.

"याले आत कोनं घेतलं?" जयवंताबाईंनी विचारलं.

"कोनीच नाई, आजी. धूर हाय तो. येते आपला."

"बिनबोलावता?"

पूनम काही बोलायच्या आत मैत्री बोलली. "पुस्तकात तसं नाई, आजी. पुस्तकात तो भायेर उभा राह्यते. घरातलं कोनी ये म्हनत नाई तोवर."

"किती येळ?"

"म्हनंपर्यंत."

जयवंताबाईंनी सुपातला एक खडा शोधून बाजूला टाकला. मग चहा ठेवते म्हणून त्या आत गेल्या. भारतला आवाज कमी वाटला, त्याने तो वाढवला.

त्या आठवड्यात मैत्रीने लेखातला आपला भाग लिहिला. सिनेमावाल्यांनी दार काढून टाकलं आहे, असं तिचं म्हणणं. पुस्तकातला जागीरदार वाईट खराच, पण दाराशी थांबायचा नियम तो कधी मोडत नाही. नियम घरातल्यांनी केलेला, पाळायचा मात्र बाहेरच्याने. सिनेमा काढणाऱ्यांवर दाराशी उभं राहायची वेळ कधी आली नसावी, म्हणून त्यांना ते दार महत्त्वाचं वाटलं नाही.

पूनमने तो कागद बसमध्ये वाचला. दोनदा वाचला.

"हे काढ."

"काऊन?"

"आमच्या घरावर हाय हे."

"पुस्तकावर हाय."

"तो रगत पिते, मैत्री. तू सोताले त्याच्या जागी ठेवून राह्यली. वर्गात हासतीन तुले."

"त्या पुस्तकात गोष्ट सांगनारे सारे घरातलेच हायेत," मैत्री म्हणाली. "भायेरच्यानं सांगतली असती तं रगताचं येवढं आलं नसतं."

पूनमने कागद तिच्या मांडीवर ठेवला. सही केली नाही. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या सीटवर वर्गातल्या अश्विनीजवळ बसली, तिसऱ्या दिवशीही तिथेच. लेख सोमवारी द्यायचा होता. मैत्रीने दाराचा परिच्छेद गाळून सगळं पुन्हा स्वच्छ लिहून काढलं आणि रामाजींना वाचून दाखवलं. ऐकता ऐकता रामाजींना झोप लागली. पहिला कागद तिने फाडला नाही. रविवारी दोन्ही घेऊन ती पूनमकडे गेली. यातला एक द्यायचा, कोणता ते पूनम म्हणेल तसं. मैत्रीण राहिली पाहिजे, एवढं तिने वाटेत ठरवलं होतं. परिच्छेदाचं काय ते ठरलं नव्हतं.

टीव्ही अजून ओसरीवरच होता. कापूस वेचणीच्या धांदलीत भारतला तो परत लावायला सवड झाली नव्हती, आणि आज तो कापूस घेऊन आदिलाबादला गेला होता. धुळीने टीव्ही खराब होतो आणि मालिका पाहायला अर्धी आळी ओसरीवर येऊन बसते, यामुळे जयवंताबाई कातावल्या होत्या. यशवंतरावांचे गुडघे धरलेले. पूनमला त्या म्हणाल्या की निदान आत नेऊन पलंगावर तरी ठेव. पूनमने एका बाजूने उचलून पाहिला. एकटीला झेपेना. मैत्रीने हातातले कागद यशवंतरावांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवले आणि दुसरी बाजू धरली.

पूनम पाठमोरी चालत उंबरठ्याच्या आत गेली. मैत्री उंबरठ्याशी थांबली. पाय सवयीने थांबले होते. पण थांबल्यावर तिने ठरवलं की आता थांबायचंच.

"चाल ना," पूनम म्हणाली.

मैत्री उभीच राहिली. टीव्ही अर्धा आत, अर्धा बाहेर.

"हात दुखून राह्यले, मैत्री."

"माहेही दुखून राह्यले."

तेव्हा पूनमला समजलं. तिने मैत्रीच्या खांद्यावरून आजीकडे पाहिलं. जयवंताबाई मागे वायर गुंडाळत उभ्या होत्या. त्यांनी वायर गुंडाळणं थांबवलं नाही.

"आजी, मी म्हनून राह्यली," पूनम म्हणाली. मग मैत्रीकडे पाहून म्हणाली, "ये. आत ये."

पुस्तकात घरातलं कोणी एक म्हणालं तरी पुरतं. मैत्रीने पाऊल उचललं.

"लवकर जाय बाई," मागून जयवंताबाई म्हणाल्या, "टीव्ही पडन."

आत एक पलंग होता, शिलाई मशीन होतं, भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. मशीनवर कोणाचा तरी अर्धा शिवलेला ब्लाउज. पूनमने टीव्ही ठेवून बोटं मोडली आणि ओसरीवरून कागद आणले. परिच्छेद गाळलेला लेख वाचून ती म्हणाली की हा झोप आणते. तिने दाराचा परिच्छेद असलेल्या लेखावर सही केली.

"पन खाली एक ओळ टाक," ती म्हणाली. "ज्या पोरीनं त्याले आत घेतलं तिचं पुढं काय झालं ते. तेबी पुस्तकातच हाय."

त्या पोरीचं पुढे वाईट झालं होतं. मैत्रीने ती ओळ टाकली.

सोमवारी दोघींनी लेख वाचला. कोणी हसलं नाही. मॅडमनी कुतूहलाने हिंदीत विचारलं की ही दाराची गोष्ट तुम्हाला सुचली कुठून.

"टीव्ही उठाते वक्त, मॅडम," पूनम म्हणाली.

संध्याकाळी मैत्रीने रामाजींना सगळं सांगितलं, जागीरदार शेवटी मारला जातो तेही. तंबाखू मळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आत गेल्यावर उजव्या हाताले कोनाडा हाय का अजून?"

"हाय. तुमाले कसं माहीत?"

"म्याच केला तो. घर बांधलं तवा. दाराची चौकट बसाची होती अजून." मग त्यांनी विचारलं, "काय ठेवते त्यात?"

"नेटचा डबा."

"बसते नीट?"

"बसते, आबा."

रामाजींनी मान हलवली. कोनाडा मापात आला होता, असं त्यांना तेव्हाही वाटलं होतं.