मंजुळा धोडीने न केलेली सही

कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हे मंजुळा धोडीने एकोणिसाव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. तेव्हा ती बोईसरच्या एका कारखान्यात औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरायची. ठेकेदाराने सगळ्या बायकांना रांगेत उभं करून कोऱ्या कागदांवर सह्या मागितल्या आणि सगळ्यांनी मुकाट केल्या. मंजुळा म्हणाली, "आधी लिवा. मी वाचते. मंग बघू." दुसऱ्या दिवशी तिला गेटच्या आत घेतलं नाही. मग तिने स्टेशनजवळच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकून घेतला. घरच्यांनी डोक्याला हात लावला, पण त्याच शिक्षणावर पुढे तिला कंत्राटी का होईना, सरकारी खुर्ची मिळाली.

ती खुर्ची होती धोक्याची सूचना देणाऱ्या कक्षातली. कारखान्यांच्या पट्ट्यात बारा खांबांवर हवा तपासणारी यंत्रं बसवली होती. कुठे वायू सुटला तर कक्षातल्या पडद्यावर तो खांब लाल व्हायचा, आसपासच्या सहा गावांत भोंगे वाजायचे आणि लोकांच्या मोबाईलवर संदेश जायचा. तीन पाळ्यांत तीन माणसं त्या पडद्यासमोर बसायची. सात नंबरच्या खांबापासून मंजुळाचं स्वतःचं घर चालत दहा मिनिटांवर, डोंगरीपाड्यात. त्यामुळे तो पडदा तिला नुसती नोकरी वाटत नसे.

जानेवारीत एका सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली: सॉफ्टवेअरच्या परवान्याची मुदत ३१ मार्चला संपेल, त्यानंतर यंत्रणा बंद पडेल. मंजुळाने कक्षाचे प्रमुख खंडेराव साहेबांना उठवून आणून दाखवलं. साहेबांनी चष्मा वर केला, ओळ वाचली आणि चष्मा खाली घेतला.

"ज्या कंपनीने हे बसवलं ती बंद पडलीय, मंजुळाबाई. वर कळवतो."

त्यांनी खरंच कळवलं. वरच्यांनी सांगितलं, हा विषय शेजारच्या खात्याचा. शेजारच्या खात्याने लिहिलं, खरेदी मागच्या सरकारच्या काळातली, त्यांनाच विचारा. मागच्या सरकारचे लोक आता विरोधात बसले होते; ते सभांतून विचारत होते की हे लोक दोन वर्षं झोपले होते काय. यंत्र अजून चालू होतं आणि ते बंद पडल्यावर खापर कोणाच्या माथी फोडायचं याची तयारी मात्र दोन्हीकडे पुरी झाली होती. मंजुळाने स्वतःच्या नावाने दोन अर्ज दिले. दोन्हींवर आवक शिक्का बसला आणि ते कुठल्यातरी फायलीत गुडूप झाले.

मार्चच्या मध्याला नवं यंत्र आलं नाही, मंडप आला. मोठी रंगीत तालीम झाली. रुग्णवाहिका ओळीने उभ्या राहिल्या, शाळेची पोरं नाकावर ओले रुमाल धरून पळाली, पाहुण्यांनी बटण दाबून भोंगा वाजवला. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, की यंत्रणा पूर्ण सज्ज आहे.

त्याच दुपारी खंडेरावांनी एक छापील कागद मंजुळासमोर ठेवला. 'सर्व यंत्रणा सुस्थितीत असून पुढील वर्षभर अखंड चालेल, याची खात्री करण्यात आली आहे.' खाली यंत्रचालकाच्या सहीची जागा.

"हे खोटं हाय, साहेब."

"अहो, नुसता नमुना आहे. बाकी दोघांनी केली सही."

"त्यांचं त्यांच्यापाशी. एक तारखेला हे बंद पडणार, तुमाला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. मंग उद्या कोणी इचारलं तर हाच कागद काढून दाखवाल, बघा, मंजुळाबाईनं खात्री दिली होती."

खंडेरावांनी कागद तिच्याकडे आणखी सरकवला. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, एवढंच. मंजुळाने पेन घेतलं आणि सहीच्या जागी ठळक अक्षरांत लिहिलं: 'यंत्रणा ३१ मार्चनंतर बंद पडणार आहे. सुस्थितीत आहे असं मी लिहून देणार नाही.' तारीख घातली, मोबाईलवर फोटो काढला आणि कागद परत दिला.

दुसऱ्या दिवसापासून तिला पडद्यासमोरून उठवून टपालाच्या टेबलावर बसवलं.

तिथे बसून रडणारी ती नव्हती. संध्याकाळी सुटली की ती पाड्यापाड्यांत हिंडू लागली. सहा गावांत प्रत्येकी दोन बायका तिने निवडल्या, ज्यांचा फोन नेहमी चालू असतो अशा. मग कारखान्यांच्या गेटवरच्या वॉचमन लोकांना गाठलं. त्यातला जिव्या तिच्या माहेरच्या गावचा. त्याला तिने बजावलं, "साहेबांच्या परवानगीची वाट नको बघू. नाकाला झोंबलं की मला फोन." डोंगरीपाड्यात लग्नाचा डीजे लावणारा दर्पण होता, टेम्पोवर बॅटरी, कर्णे, सगळं तयार. तो हसला.

"ताई, माझ्या कर्ण्यावर लोक नाचाया बाहेर येतात, पळाया नाय."

"बाहेर येतात ना? बास. पळवायचं मी बघते."

एक एप्रिलला सकाळी दहाला पडदा काळा पडला. कक्षाच्या दारावर चिठ्ठी लागली: 'देखभालीसाठी तात्पुरते बंद.'

नऊ तारखेला दुपारी पावणेतीनला जिव्याचा फोन आला. तो खोकतच बोलत होता. "मंजूताई, टाकी फुटलीय. पिवळा धूर... वारा तुमच्याकडंच चाललाय."

वारा समुद्राकडून होता. म्हणजे धूर सरळ डोंगरीपाड्यावर. मंजुळाने टपाल तसंच टाकलं, बारा बायकांना आणि दर्पणला एकामागून एक फोन लावले आणि रिक्षाने पाडा गाठला. दर्पणने टेम्पो चौकात आणलाच होता. तिने माईक हिसकावला.

"धूर येतोय! घरात कोंडून बसू नका, धुराच्या पुढं पळू नका! ओलं फडकं नाकाला, नि सगळे उत्तरेला, शाळेच्या माळावर! पोरं, म्हातारी आधी!"

माणसं निघाली. फक्त सोमीकाकी जागची हलेना. सत्तरी ओलांडलेली, एकटी, दारात तीन बकऱ्या.

"माझी जनावरं टाकून मी नाय येत गे."

समजावत बसायला वेळ नव्हता. मंजुळाने दावी सोडली आणि बकऱ्यांना माळाच्या दिशेने हाकललं. सोमीकाकी शिव्या देत त्यांच्यामागे धावली. पंधरा मिनिटांनी पाड्याच्या छपरांवरून पिवळट पट्टा सरकत गेला. माळावर उभं राहून सगळ्यांनी तो पाहिला. जिव्या आणि दहा कामगार दवाखान्यात गेले, डोळे चुरचुरत, छाती भरलेली. आठवड्याभरात सगळे घरी परतले. पाड्यातलं एकही माणूस दगावलं नाही.

आणि मग पांढऱ्या गाड्या आल्या. सत्तेतल्यांनी जुनी खरेदी काढली, विरोधकांनी सत्तेतल्यांची दोन वर्षांची झोप उकरून काढली. दिवसभर एकमेकांवर चिखल उडवल्यावर दोघांचं एका गोष्टीवर जमलं: चूक खालच्या माणसाची. मंजुळाला नोटीस आली. अधिकार नसताना सूचना देऊन तिने लोकांत घबराट पसरवली होती.

खंडेराव तिला गाठून हळूच म्हणाले, "चार ओळींची माफी लिहा. प्रकरण मिटेल, कंत्राटही चालू राहील."

"कशाची माफी, साहेब? माणसं जिती राहिली त्याची?"

चौकशी पालघरला होती. प्रियदर्शिनी मॅडम नावाच्या अधिकारी समोर बसल्या होत्या. बाहेर पाड्यातल्या बायका पायऱ्यांवर ठाण मांडून होत्या.

"लोकांना घराबाहेर काढण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" मॅडमनी विचारलं.

"कोणी नाय, मॅडम. ज्यांच्यापाशी अधिकार होता त्यांच्या दारावर देखभालीची चिठ्ठी होती."

एवढ्यात शिपायाला बाजूला सारून सोमीकाकी आत घुसली. "मला हिनं काढलं नाय! मी माझ्या बकऱ्यांमागं गेले. लिवा तसं!"

मॅडमना हसू आवरलं नाही. मंजुळाने मोबाईलमधला त्या कागदाचा फोटो दाखवला. शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याने तो मूळ कागद फायलीत नसल्याचं सांगितलं. फोटो काय, कसाही बनवता येतो, असंही तो म्हणाला. मॅडमनी साक्षीला बोलावलेल्या खंडेरावांकडे पाहिलं. "यांनी तुम्हाला आधी सांगितलं होतं का?"

खंडेरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उभे राहिले. "जानेवारीतच सांगितलं होतं. हा कागद माझ्यासमोर लिहिलाय. फायलीतून कोणी काढला ते मला माहीत नाही, पण लिहिला होता हे खरं आहे."

त्यांची महिन्याभरात गडचिरोलीला बदली झाली. नोटीस गाजावाजा न करता मागे घेतली गेली. अहवालात 'समन्वयाचा अभाव' असे दोन शब्द आले आणि नाव कोणाचंच नाही. मंजुळाचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. ती आता घरी शिलाई करते, कारखान्यांचे युनिफॉर्म.

आठ महिन्यांनी नवं यंत्र आलं. उद्घाटनाला तिला बोलावणं नव्हतं, ती गेली. भाषणं आटोपली तशी तिने गर्दीतून खड्या आवाजात विचारलं, "याची मुदत कधी संपते?" व्यासपीठावर कुजबुज झाली. शेवटी एका तरुण इंजिनियरला माईक द्यावा लागला. तो म्हणाला, तीन वर्षं. पुढच्याच ग्रामसभेत तिने ती तारीख ठरावात घालून घेतली आणि शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतली.

दर रविवारी सकाळी ती परप्रांतीय कामगारांच्या चाळीत जाते. त्यांना मराठी संदेश वाचता येत नाहीत. मंजुळाची हिंदी मोडकी आहे, पण तिला लाज वाटत नाही. मूठभर माती हवेत उडवून ती सांगते, "देखो, मिट्टी किधर जाती हाय? उधर नहीं भागने का. बाजू से भागने का." आणि मग सगळ्यांना एकदा पळायला लावते.