बबनभाऊंनी चिकटवलेली पट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माझ्या गाईडना तर नाहीच. आणि आता सांगतेय म्हणून लगेच खांद्यावर हात ठेवायला येऊ नका — मला ते नकोय.

लोणावळ्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी पीएचडी करत होते. काचेचा लांबलचक चॅनल, त्यात पंपाने सोडलेलं पाणी, आणि मधोमध तळाला उभी चिकटवलेली वीतभर रबराची पट्टी. पाणी आदळलं की ती किती वाकते — एवढाच प्रश्न. एवढाच? चार वर्षं गेली माझी त्यात. वाकण्याचं ते गणित मी कॉम्प्युटरवर मांडलं होतं, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

पट्ट्या कापायचं, चिकटवायचं काम बबनभाऊंचं. भाजे गावचे, पन्नाशीचे, प्रयोगशाळेत रोजंदारीवर. जागा घासून-पुसून, पंक्चरवाले लावतात ते सुलेशन लावून, दोन दिवस वजनाखाली ठेवून ते पट्टी बसवायचे. त्यांनी बसवलेली पट्टी कधी निघाली नव्हती. एकदा पाण्यात बोट धरून म्हणाले, "ताई, ही नुसती वाकत न्हाई. डावी-उजवी थरथरती. पानी लय वाढवू नका." मी हसले. माझ्या गणितात ती थरथरत नव्हती ना!

का नव्हती? तर कॉम्प्युटरला फार वेळ लागतो म्हणून मी चॅनल उभा चिरून अर्धाच मांडला होता. उरलेला अर्धा आरशातल्यासारखा तस्साच, असं धरून. आमच्यात सर्रास करतात हे. पण अर्ध्या पट्टीला डावं-उजवं कुठून येणार? तिला थरथरायची सोयच मी ठेवली नव्हती, आणि वर तिला शांत म्हणत होते.

बाहेरचे परीक्षक आले त्या दिवशी मी पाणी वाढवलं. पट्टी फडफडली, बुडाशी सुटली आणि वाहत जाऊन जाळीला अडकली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी — किती वेळ लागला असेल? एक श्वास? — म्हणाले, "चिकटवणं कच्चं राहिलं." बबनभाऊ शेजारीच उभे होते, हातात फडकं घेऊन. सोमवारपासून येऊ नका म्हणून त्यांना सांगण्यात आलं.

थांबा, अजून आहे. चॅनल रिकामा केला तेव्हा दिसलं — चिकटवलेलं निघालंच नव्हतं. रबर त्याच्या वर फाटलं होतं; खालचा तुकडा तळाला घट्ट बसून होता. कुणी बघायच्या आत ब्लेड घेऊन तो मी खरवडून काढला. पाऊण तास लागला, इतका तो पक्का होता.

मग गुपचूप कॉम्प्युटरवर पूर्ण चॅनल मांडला. तिसऱ्या दिवशी पट्टी स्क्रीनवर थरथरायला लागली. प्रबंधात ती थरथर माझा शोध म्हणून गेली. सगळ्यांनी तिचीच वाखाणणी केली.

आता तुम्ही म्हणाल, दडपण असेल, वय लहान असेल. अजिबात नाही. एकोणतीस वर्षांची घोडी होते मी, आणि काय करतेय ते मला पक्कं कळत होतं. उगाच माझ्यासाठी पळवाट शोधू नका.

गेल्या पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन भाजे लेण्यांकडे गेले होते. पायथ्याशी बबनभाऊ कणसं भाजत बसलेले. त्यांनीच मला ओळखलं. उठले, हात पुसले.

"ताई, त्या दिशी सुलेशन लावाया म्या घाई केली आसंल. माज्यामुळं तुमची मान खाली गेली. लय वरसं मनात व्हतं."

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? मी म्हणाले, "असू दे भाऊ. मी केव्हाच विसरले ते."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी ढिगातलं कोवळं कणीस निवडून भाजलं, मीठ-लिंबू चोळून माझ्या हातात दिलं. मी ते तिथंच, त्यांच्यासमोर उभी राहून खाल्लं.